काकूंनी इंजिन खोललं

सुलोचनाकाकूंना रडताना आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नाही, आणि गल्लीला त्याचा राग होता.

म्हस्के काकांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आला त्या सकाळी मी दाढी करत होतो. त्यांची आणि आमची भिंत एकच. पलीकडून काकूंची हाक आली, "सुधाकर, ये रे जरा. ह्यांना उचलायचंय." आवाज रोजचाच होता. मला वाटलं, काकांनी काहीतरी सरकवायला काढलं असेल. गेलो तर काका मोरीच्या दारात आडवे, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि काकू गॅसचा कॉक बंद करत होत्या. हातात शिवण होती, तिला सुई टोचून त्यांनी ती मशीनवर ठेवली आणि मग काकांचे पाय धरले. डोक्याकडून मी धरलं.

दवाखान्यातून काका घरी आले ते उजवी बाजू आणि बोलणं गमावून. काकूंनी त्यांना पलंगावर निजवलं, पाठीशी उशी लावली आणि मशीनवर बसून तो अर्धा राहिलेला ब्लाउज पुरा केला. गिऱ्हाईक पोरीची दुसऱ्या दिवशी हळद होती. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, दगड आहे बाई. ते काकूंच्या कानावर गेलं. त्या माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या, "ह्यांना झटका आला, त्यात त्या पोरीचा काय गुन्हा?"

काकू ठेंगण्या, काटक. गळ्यात मापाची टेप कायम. ती बाजारात, दवाखान्यात, एकदा तर कुणाच्या मयतीलाही तशीच गेली. बोलणं कमी. बऱ्याच गोष्टींना उत्तर एकच, "हं." हा "हं" होकार आहे, नकार आहे की नुसतं ऐकल्याची पोच आहे, हे समोरच्यानं ठरवायचं. चहा करून विसरायच्या आणि साय धरलेला गारढोण चहा पाण्यासारखा पिऊन टाकायच्या. "काका कसे आहेत?" असं कुणी विचारलं की "हायेत" म्हणायच्या. त्यापुढे दुसरा प्रश्न विचारायची कुणाची हिंमत होत नसे.

माहेर आणि सासर दोन्हीकडे मागच्या पिढीपर्यंत मेंढरं होती. काकूंचं लहानपण मंठ्याकडच्या माळावर वडिलांच्या कळपामागं गेलं. शहरात येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यात मेंढरं यायची. आमचा मुलगा नापास होऊन घरात पडून राहिला, तेव्हा माझ्या बायकोला म्हणाल्या, "बसलेलं मेंढरू बसू देऊ नये. ते बसलं की बसूनच जातं. उठवायचं, उभं करायचं, मंग ते चालो न चालो." पोराला त्यांनी पिशव्या घेऊन बाजारात पाठवायला सुरुवात केली. तो कुरकुरत गेला, पण गेला.

काका बियाण्याच्या धंद्यात होते. जालन्यातल्या एका बियाणं कंपनीसाठी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून कपाशीचं बियाणं तयार करून घ्यायचं, त्या पिकाचे शेतांतले प्लॉट बघायचे, हे त्यांचं काम. परतूर, वाटूर, मंठा, सगळा काळ्या मातीचा मुलूख. पाऊस पडला की मोटारसायकल रुतते आणि ट्रॅक्टर लाजतो. म्हणून काकांनी लिलावात एक जुनी डिझेलची जीप घेतली होती. फोर बाय फोर. चारही चाकं ओढणारी, ताडपत्रीच्या टपाची. काकांचा तिच्यावर जीव होता, पण वरवरचा. रोज धुवायचे, दसऱ्याला हार घालायचे, टायरला काळा रंग द्यायचे. बॉनेट मात्र गाडी बंद पडली तरच उघडायचं.

काका पडल्यावर जीप दारासमोर उभी राहिली. आधीच धूर फेकत होती, तेल पीत होती. एक पावसाळा तिनं तसाच उभ्यानं काढला. काका खिडकीजवळच्या पलंगावर असायचे आणि खिडकीतून बॉनेटचा कोपरा दिसायचा. ते त्याकडे बघत असत की नुसतीच त्यांची मान तिकडे वळलेली असे, कुणाला सांगता यायचं नाही.

त्यांची मुलगी मनीषा पुण्याला असते. दिवाळीला आली तेव्हा तिनं भंगारवाल्याला बोलावलं. तो जीपभोवती फिरला, लाथ मारून बघितली. मी एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात भंगाराच्या यार्डावर आहे. अशा जीपा आमच्याकडे येतात, दाबलेल्या, काचा नसलेल्या, आणि भट्टीत जातात. मनीषा मला म्हणाली, "काका, तुम्ही तरी आईला समजावा. जागा अडवून बसलीय नुसती."

मी काही बोलायच्या आत काकू बाहेर आल्या. भंगारवाल्याला म्हणाल्या, "पाणी घेतो का?" त्यानं घेतलं. मग म्हणाल्या, "विकायची न्हाई."

"कामून काकू? चालती तं न्हाई."

"काम करायचंय तिचं."

मनीषा चिडली. आत जाऊन तिनं बरंच काही ऐकवलं. आई, तू कोणत्या जगात आहेस, बाबा पुन्हा चालवणार आहेत का, असं. भिंत एक असल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मध्ये मध्ये काकूंचं "हं" येत होतं. मनीषा रडायला लागली तेव्हा मशीनचा आवाज सुरू झाला.

जुन्या जालन्यात हमीद मिस्त्रींचं गॅरेज आहे. दुसऱ्याच आठवड्यात दोरानं ओढत जीप तिकडे नेली. ओढणाऱ्या टेम्पोत मी होतो. जीपच्या स्टेअरिंगवर मिस्त्रींचा माणूस आणि शेजारी काकू, मांडीवर पाण्याची बाटली. मिस्त्री वयानं काकूंएवढेच, हळू बोलणारे. त्यांनी इंजिन फिरवून बघितलं. फिरेना. "जाम झालंय काकू. बसून बसून रिंगा गंजून धरल्या. खोलावं लागंल. माझं ऐकाल तं एक चांगलं जुनं इंजिन मिळतंय, तेच टाकून देतो. जल्दी होईल."

"न्हाई. हेच करा."

"ह्याचा भरोसा न्हाई."

"बिघडलंय तं हेच ना. मंग हेच करा."

त्यानंतर काकू रोज दुपारी काकांचं जेवण, औषधं, साफसफाई आटोपून, माझ्या बायकोला लक्ष द्यायला सांगून गॅरेजात जाऊ लागल्या. बसायला घरून लाकडी पाट न्यायच्या. तिथं बसून ब्लाउजना हुक लावायच्या, काजं करायच्या. गॅरेजातली माणसं आधी अवघडली. शिव्या द्यायची थांबली. मग त्यांना काकूंची सवय झाली आणि शिव्या परत सुरू झाल्या. काकूंना काही फरक पडला नाही.

एका शनिवारी मला सुट्टी होती म्हणून त्यांच्याबरोबर गेलो. इंजिनाचं डोकं काढून बाजूला ठेवलं होतं. मिस्त्रींनी लाकडाचा ठोकळा लावून, हातोडीनं हळूहळू ठोकत पिस्टन बाहेर काढले. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभ्या रेघा होत्या, मांजरानं ओरबाडल्यासारख्या.

"धूळ खाल्ली हिनं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी एक गोल डबा आणून काकूंसमोर ठेवला. इंजिन हवा घेतं ती या डब्यातून. तळाला तेल असतं, हवेतली धूळ त्या तेलात बसते आणि साफ हवा पुढे जाते. झाकण काढलं. आत तेल नव्हतंच. काळा चिखल होता, वाळून भेगा पडलेला, आणि त्यात कपाशीचे तंतू. डब्यापासून इंजिनापर्यंत जाणारा रबरी पाइप फाटला होता. फाटल्या जागी कुणीतरी फडकं गुंडाळून सुतळी बांधली होती. ते फडकं काकूंनी ओळखलं. त्यांच्या जुन्या परकराचं होतं.

"हे साफ करायला कितीक वेळ लागतो?" काकूंनी विचारलं.

"च्या प्यायला लागतो तेवढा."

काकू त्या डब्यात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बीपीची गोळी गिळायला तं तेवढाबी लागत न्हाई."

त्यांनी बोटानं त्या चिखलाचा एक पापुद्रा उचकटला.

"रोज हातावर ठेवत होते मी. तो खिशात घालायचा. धुवायला शर्ट भिजवला की खिशात विरघळलेली निघायची. विचारलं की म्हणायचा, घेतली ना. रोज म्हणायचा."

इतक्या वर्षांत काकांबद्दल बोलताना "हे" सोडून दुसरा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्या दिवशी त्या "तो" म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. राग असेल तर तो त्या एका अक्षरात होता. मिस्त्रींनी डबा उचलला आणि रॉकेलच्या टबात टाकला. काकूंनी सुईत दोरा ओवला.

इंजिनाचा मुख्य ठोकळा लेथवाल्याकडे गेला. सिलिंडर घासून मोठे करायचे आणि आत नवीन नळ्या बसवायच्या, असं काम होतं. लेथवाल्यानं निरोप धाडला की एका सिलिंडरची भिंत पातळ झालीय, आधीही कधी घासलेली दिसते, दाबताना तडकली तर ठोकळाच गेला. मिस्त्रींनी काकूंना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुमी म्हणाल तं थांबवतो."

"थांबवून?"

"थांबवून काय. हे भंगारात आन् दुसरं आणायचं."

"दाबा," काकू म्हणाल्या.

ज्या दिवशी नळी दाबायची होती त्या दिवशी त्या गॅरेजात गेल्या नाहीत. घरीच होत्या. माझी बायको सांगते, काकांना भरवताना त्यांचा हात मध्येच थांबला आणि घास तसाच हवेत राहिला. काकांनी तोंड उघडलेलं होतं. काही वेळानं काकांनीच डाव्या हातानं त्यांचं मनगट धरून घास तोंडाकडे नेला. संध्याकाळी मिस्त्रींचा फोन आला, बसली म्हणून. काकू म्हणाल्या, "हं."

मग एकेक भाग परत चढला. नवीन पिस्टन, नवीन रिंगा, बेअरिंगा, हवेचा नवा पाइप आणि त्याला दोन्ही टोकांना पक्के पट्टे. तेलाचा दाब आणि पाण्याची गरमी दाखवणारे काटे काकूंनी सांगून बसवून घेतले. इंजिनाच्या खाली तेलाची परात असते, तिला गॅरेजात चेंबर म्हणतात. काकांनी शेतातल्या दगडांवर आपटून आपटून तिला पोचे पाडले होते, वेल्डिंगवर वेल्डिंग होतं. मिस्त्री म्हणाले, हिच्या खाली जाड पत्र्याचं कवच लागेल. आमच्या यार्डात तसा पत्रा येतो. मॅनेजरला विचारून मी एक तुकडा आणून दिला. माझा या सगळ्यातला वाटा एवढाच.

जीप चालत घरी आली तो दिवस गल्लीनं सणासारखा केला. काकांना खुर्चीत बसवून ओट्यावर आणलं. मनीषानं फोनवरून बघायला कॅमेरा सुरू ठेवायला सांगितला होता, तो माझ्या बायकोच्या हातात होता. मिस्त्रींनी गाडी बंद केली, म्हणजे काकांसमोर पुन्हा सुरू करता यावी. चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. आवाज जाड, एकसारखा. धूर नाही. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

काका ओट्याच्या कडेला चाललेल्या मुंग्यांकडे बघत होते. काकूंनी त्यांची हनुवटी धरून मान जीपकडे वळवली. त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. डोळ्यांत काही येतंय का म्हणून आम्ही सगळे वाकून बघत होतो. मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा तोंडाकडे नेला. चहा पाहिजे, अशी त्यांची ती खूण होती.

काकू आत गेल्या आणि चहा टाकला. फोनमधून मनीषा विचारत होती, "बाबा रडले का गं आई?"

"न्हाई. च्या पेले."

मिस्त्रींचा चेहरा उतरला होता. जाताना मला म्हणाले, "ह्या बाईनं एवढं केलं, आन् त्यांना काहीच न्हाई." ते काकूंनी ऐकलं असावं. कप विसळत म्हणाल्या, "मी त्यांना दाखवायला न्हाई केलं."

पुढे त्या गाडी शिकल्या. शिकवणारा पोरगा दोन दिवसांत कंटाळला, कारण काकू चुकल्या तरी घाबरत नसत आणि जमलं तरी खूश होत नसत. परवाना मिळाल्यावर त्या काकांना शेजारच्या सीटवर बसवून, जुन्या साडीचा पट्टा छातीवरून बांधून रोज सकाळी बाहेर काढू लागल्या. मिस्त्रींनी सांगितलं होतं की नवीन इंजिन सुरुवातीला पळवायचं नाही, आतले भाग एकमेकांना ओळखू द्यायचे. काकू बैलगाडीच्या वेगानं जायच्या. मागून हॉर्न वाजायचे, ट्रकवाले बघत पुढे जायचे. रविवारी ओट्यावर जुना पेपर पसरून हवेचा डबा उघडायच्या, तेल बदलायच्या, पट्टे आवळायच्या. काका खुर्चीत बसलेले असत. काकूंचे हात काळे होत, तेव्हा त्या काकांना नाक खाजवून द्यायला सांगत आणि काका डाव्या हातानं खाजवून देत.

एकदा मी त्यांच्याबरोबर वाटूरकडे गेलो. काका ज्यांच्याकडे प्लॉट घेत अशा एका शेतकऱ्यानं जीप ओळखली. बांधावरून पळत आला. काकांना बघितलं आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. त्यांचा हात धरून रडायला लागला. "साहेब, असं कसं झालं ओ." काका त्याच्या टोपीकडे बघत होते.

"हे वळखत न्हाईत कुणाला," काकू म्हणाल्या. "पण बोला तुमी. ऐकू येतंय."

तो माणूस खरंच बोलायला लागला. त्या वर्षी पाणी कसं होतं, कपाशीची बोंडं कशी लागली, पोराला कुठं काम मिळालं. इंजिन सुरूच होतं. काकू समोर बघत, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबल्या.

काका थंडीत गेले. त्या सकाळी नेहमीसारखे दोघं निघाले होते. काकांच्या कामाच्या त्याच रस्त्यावर, त्याच प्लॉटांकडे. काकांची मान खांद्यावर कलली, तेव्हा काकूंना वाटलं डुलकी लागली. जीप बांधाशी लावून त्यांनी चावी काढली. नंतर माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "गाडी बंद केली तव्हा कळलं. चालू होती तवर हालत होते."

तिथून त्यांनी कुणाला फोन केला नाही. परत जीप सुरू केली आणि त्याच वेगानं काकांना घरी आणलं. गल्लीत शिरताना बाजूला व्हा म्हणून हॉर्न दिला. तेव्हाही कुणी त्यांना रडताना बघितलं नाही. मनीषा आली, धाय मोकलून रडली, काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. तो हात मशीनवर कापड पुढे सरकवावं तसा, एकाच चालीत फिरत होता.

तेराव्यानंतर मनीषा त्यांना पुण्याला न्यायला बघत होती. त्या गेल्या नाहीत. उन्हाळाभर घरात शिवणकाम केलं. पाऊस पडला तसं एके दिवशी मशीन, एक ट्रंक आणि स्टोव्ह जीपच्या मागं टाकून त्या वाटूरला गेल्या. त्या रडलेल्या शेतकऱ्यानं त्यांना एक खोली दिली होती. गल्लीत चर्चा झाली. म्हातारपणी हे काय, असं सगळे म्हणाले. पुण्याहून मनीषानं मला फोन करून विचारलं, "आईला झालंय तरी काय?"

भाद्रपदात एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला मी वाटूरला गेलो होतो. परतीच्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभा होतो. ऊन उतरलं होतं. शेताच्या वाटेनं जीप आली, चाकं चिखलानं भरलेली. मागं बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. कपाशीच्या प्लॉटवर फुलं जुळवायच्या, एकाचे पराग दुसऱ्याला लावायच्या कामाला जातात त्या. हसत होत्या, कुणीतरी मोठ्यानं काहीतरी सांगत होती. काकू चालवत होत्या. शेजारच्या सीटवर एक तरुण बाई बसली होती, पोटुशी असावी. ती दमून झोपली होती आणि तिचं डोकं काकूंच्या खांद्यावर आलं होतं.

फाट्यावर खड्डा होता. काकूंनी वेग अगदी कमी केला. गिअर टाकताना त्यांचा नुसता पंजा हलला, खांदा तिळभरही हलला नाही. मी हात वर केला होता, पण त्यांची नजर रस्त्यावर होती. जीप खड्ड्यातून एकेक चाक उतरवत, चढवत पलीकडे गेली. ती बाई जागी झाली नाही.